बाईने नेलं, असं मुलगा सांगत होता

आज मी एका रहस्यकादंबरीवर बोलणार आहे. आपल्या अभ्यासमंडळात रहस्यकथेचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण गुन्हा कुठे शोधायचा आणि कुठे शोधायचाच नाही, हे गाव कसं ठरवतं ते या पुस्तकात नीट दिसतं. रहस्य मात्र फोडावं लागेल, त्याला इलाज नाही.

गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ ही पहिली कादंबरी, २००६ सालची. २०१८ मध्ये तिच्यावर आठ भागांची मालिकाही निघाली. नायिका कमिल शिकागोत बातमीदार. मिसुरी राज्यातल्या तिच्या जन्मगावी एका मुलीचा खून झालाय, दुसरी बेपत्ता आहे. संपादक तिलाच पाठवतो. ती उतरते आईकडे. आई अडोरा गावातली बडी असामी. तिच्या घराण्याच्या डुकराच्या मांसाच्या धंद्यावर गावातल्या कितीतरी चुली पेटतात.

दुसऱ्या मुलीचंही प्रेत सापडतं. एक लहान मुलगा सांगत असतो, तिला बाईने नेलं. त्याचं कुणी मनावर घेत नाही. बाई असं कसं करेल? संशय जातो मेलेल्या मुलीच्या भावावर. का, तर तो चारचौघांत रडतो!

आणि कमिलच्या घरात काय आहे? तिची बहीण मॅरियन लहानपणी आजारपणात गेली होती. तो आजार आईनेच दिलेला होता. लेकीला आजारी पाडायचं, मग तिची सेवा करायची आणि गावाकडून वाहवा घ्यायची. दवाखान्यातल्या एका नर्सला संशय आला होता, तिने तो लिहूनही ठेवला होता. पुढे काही झालं नाही. आईला अटक होते आणि गाव सुटकेचा श्वास टाकतं; पण त्या दोन मुलींना मारणारी निघते कमिलची तेरा वर्षांची सावत्र बहीण.

‘बाईच बाईची वैरी’ हे वाक्य आपल्या प्रत्येक शिबिरात कुणीतरी टाकतंच. असल्या कादंबरीने त्याला बळ मिळतं, असा आक्षेप आहे. फ्लिनच्या पुढच्या पुस्तकांवर तर तो फारच झाला. मला तो पटत नाही. अडोरा बाई आहे म्हणून घातक नाही. आई म्हटलं की कुणी प्रश्न विचारत नाही, आणि वर पैसा, म्हणून ती घातक आहे. आईला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनीच तिला मोकळं रान दिलं.

पण याची दुसरी बाजूही पाहा. आईने मुलाला मुद्दाम आजारी पाडण्याच्या प्रकाराला १९७७ मध्ये नाव दिलं ते रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने. याच मेडोने १९९९ मध्ये सॅली क्लार्क या वकील बाईच्या खटल्यात साक्ष दिली. तिची दोन तान्ही बाळं दगावली होती. अशा घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं त्याने कोर्टात सांगितलं. एका मृत्यूच्या शक्यतेला त्याच आकड्याने गुणलं, एवढाच तो हिशोब! एकाच घरातल्या दोन मृत्यूंमागे एकच कारण असू शकतं, हे त्यात धरलंच नव्हतं. बाईला जन्मठेप झाली. एका बाळाच्या तपासणीचे अहवाल बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते, हे नंतर बाहेर आलं. २००३ मध्ये ती सुटली आणि २००७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी वारली.

म्हणजे आईवर संशयच घ्यायचा नाही, नाहीतर तिला सरळ राक्षसीण ठरवायचं. आपल्या केंद्रात सासू-सुनेचं, मायलेकीचं प्रकरण आलं की आपणही यातलं एक टोक धरतो का, यावर आज बोलू या. कादंबरीत काय किंवा कोर्टात काय, खरं सांगणारा कागद दवाखान्यात पडून होता. कमिलच्या हाती तो आला तेव्हा बहीण जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.