बाण का चुकतो?
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



भोपाळ हे हॉकीचे गाव. येथे धनुष्यबाणाविषयी बोलणे काहींना वावगे वाटेल. परंतु २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने तर अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळविले. आपल्या राज्यातील जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक रौप्यपदक आणले होते. तेव्हा आपल्या मुलांनाही हा नाद लागला, तर नवल नाही.

पण एक बाण मधोमध आणि दुसरा कोपऱ्यात असे होऊ लागले, की दोन वाक्ये हमखास कानी येतात. वडील म्हणतात, "पोराचे लक्षच नाही." पोर म्हणते, "धनुष्यच खराब आहे." पहिल्या वाक्याने मूल खेळ सोडते आणि दुसऱ्याने ट्रस्टचा पैसा नव्या धनुष्यात जातो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण खरी. परंतु कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. म्हणून निकाल देण्यापूर्वी पुरावा पाहावा, असे आम्हां शिक्षकांचे म्हणणे आहे.

पुरावा लक्ष्यावरच असतो. सगळे बाण एकाच जागी, पण मध्यापासून दूर पडत असतील, तर मुलाचा हात स्थिर आहे. नेम धरण्याची साइट तेवढी सरकवावी. नियम सोपा आहे : बाण जिकडे, तिकडे साइट.

बाण विखुरले असतील, तर साइटला हात लावू नये. ते खालीवर विखुरले, तर दोरी दर वेळी सारखी ओढली जाते काय, ओढणारा हात हनुवटीखाली त्याच जागी टेकतो काय, बाण सुटताना पुढचा हात खाली पडतो काय, हे पाहावे. डावीउजवीकडे विखुरले, तर मूठ आवळून धनुष्य पिळले जाते काय किंवा दोरी सोडताना बोटे बाहेर झटकली जातात काय, हे पाहावे. जुने तिरंदाज अंगठ्यात दगडाची किंवा हस्तिदंताची कडी घालीत. तिने अंगठा तर वाचेच, शिवाय दोरीही साफ सुटे.

आता अंगणाकडे वळू. प्रत्येक बाणावर क्रमांक घालावा. तीन क्रमांकाचाच बाण पुनःपुन्हा चुकत असेल, तर दोष मुलाचा नव्हे. खाच, पिसे आणि दांडी तपासावी. तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो, म्हणून तो तात्काळ बाद करावा. दोरी ताणली जाऊन मुठीपासूनचे तिचे अंतर बदलले काय, बाण लावण्याची खूण सरकली काय, हेही मोजावे.

पहिले बाण नीट आणि शेवटचे भरकटलेले, असे रोज होत असेल, तर धनुष्य बहुधा त्या खांद्यांना जड आहे. तेथे रागावून उपयोग नाही. हलके धनुष्य द्यावे. लक्ष्यावरचा कागद काढून तीन-चार पावलांवरून नुसता सराव करवावा. गुणांची धास्ती नसली, की मुलाचे ध्यान आपल्या हातापायांकडे जाते.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोरी, मूठ, साइट सर्व एकदम बदलले, तर सुधारणा कशाने झाली हे कोणालाच कळत नाही.

विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की नव्या धनुष्यांच्या आधी प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. तीत त्याने रोज वर्तुळे काढून बाण कोठे पडले ते क्रमांकासह मांडावे. आणि पालकहो, मूल घरी आले, की "किती गुण मिळाले?" असे न विचारता "आज बाण कोठे पडले?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मूल मान खाली घालते; दुसऱ्याला ते वही उघडते.