नाकाचा शेंडा : शस्त्रक्रियेने काय होतं, काय होत नाही

 

आजचा विषय बैठकीत मोठ्याने कुणी काढत नाही. बैठक संपली, वह्या मिटल्या, की चपला घालता घालता एखादी हळूच विचारते, "मॅडम, आमच्या मुलीच्या नाकाचा शेंडा जरा रुंद आहे. ऑपरेशनने बारीक होतो म्हणतात. खरं का?" विचारताना तिचा आवाज खाली जातो. तो का जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ही म्हण आपणच पिढ्यानपिढ्या हसत हसत म्हणत आलो. सुंदर नाक म्हणजे चाफेकळी, हेही आपणच ठरवलं. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींतली एखादी बाई नाकावर बोलून जाते आणि ते पोरीच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. म्हणून या प्रश्नाला हसायचं नाही आणि घाईही करायची नाही. आधी नीट समजून घेऊ.

नाकाची शस्त्रक्रिया आपल्याला परकी नाही. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा नमुना करून तो कपाळावर ठेवला, त्याच्या मापाने कपाळाची कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये ती जोडलेलीच ठेवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. १७९४ साली ही हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१४ साली लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाच्या कातडीची ती पद्धत आजही वापरतात. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

पण कावसजीचं नाक गेलेलं होतं. आपल्या मुलीचं नाक जागेवर आहे, श्वास घेतं, वास घेतं. तिच्या बाबतीत प्रश्न काही मिलिमीटरचा आहे. म्हणून इथे हिशेब वेगळा.

आता ऐकता ऐकता आपल्या नाकाला हात लावा. वरचा भाग कडक लागतो, ते हाड. शेंडा दाबला तर दबतो आणि परत वर येतो, ती कूर्चा, म्हणजे मऊ हाड. शेंड्यात कूर्चेच्या दोन कमानी असतात, उजवीकडे एक, डावीकडे एक. शेंडा रुंद दिसण्याची कारणं चार. दोन कमानींमध्ये अंतर जास्त असतं. किंवा कमानी मुळातच रुंद, फुगीर असतात. किंवा कमानी ठीक असतात, पण वरची कातडी जाड आणि तेलकट असते. किंवा शेंडा बेताचाच असतो, नाकपुड्यांचा पाया पसरट असतो. बऱ्याच जणींमध्ये दोन-तीन कारणं एकत्र असतात. कारण कोणतं, त्यावर उपाय ठरतो. म्हणून "शेजारणीच्या मुलीचं केलं तसंच करा" असं सांगून चालत नाही.

पहिला उपाय टाक्यांचा. कमानी न कापता बारीक टाक्यांनी त्यांचा आकार निमुळता करतात आणि दोन्ही एकमेकींजवळ आणतात. थोडाच फरक हवा असेल तर हा चांगला मार्ग, कारण आपली कूर्चा आपल्याजवळच राहते.

दुसरा उपाय, कमानीच्या वरच्या कडेची पातळ पट्टी काढणं. यात हात राखावा लागतो. साधारण सहा-सात मिलिमीटर रुंदीची कमान मागे ठेवतात. जास्त कापलं तर आज नाक बारीक दिसतं, पण काही वर्षांनी शेंडा चिमटल्यासारखा होतो, नाकपुडीची कड वर ओढली जाते आणि श्वास घेताना नाकपुडी आत बसते. श्वास अडला तर बारीक नाक काय कामाचं? नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा.

तिसरा उपाय आधाराचा. शेंडा बसका असेल तर नाकातल्या पडद्याची किंवा कानाची थोडी कूर्चा घेऊन आतून टेकू देतात. शेंडा जरा उचलला गेला की तो आपोआप निमुळता दिसतो. जाड कातडीच्या मुलींना याचा जास्त उपयोग होतो. जाड गोधडीखालची घडी वरून दिसत नाही ना, तसं जाड कातडीखाली केलेलं बारीक काम वर फारसं उमटत नाही. कातडी आतून थोडी पातळ करता येते, पण फार केली तर तिचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

चौथा उपाय नाकपुड्यांच्या पायाचा. तिथला छोटा त्रिकोणी तुकडा काढून रुंदी कमी करतात. व्रण नाकपुडी आणि गालाच्या घडीत लपतो. मात्र काढलेला भाग परत लावता येत नाही, म्हणून शहाणे डॉक्टर थोडंच काढतात.

ही कामं दोन वाटांनी होतात. एकीत सगळे छेद नाकाच्या आत असतात. दुसरीत दोन नाकपुड्यांमधल्या उभ्या पट्टीवर छोटा छेद घेऊन कातडी वर उचलतात आणि कमानी डोळ्यांसमोर ठेवून काम करतात. दुसऱ्या वाटेने बारीक व्रण राहतो, बहुतेकींचा तो फिका पडतो. पण नाक टोचल्यावर जिथे गाठ आली, किंवा कुठलीही जखम भरताना जिच्या अंगावर जाड वळ उठतो, तिने हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आता इंजेक्शनबद्दल. "कापायचं नाही, अर्ध्या तासात नाक बारीक" अशा जाहिराती मोबाईलवर येतात. भरणीच्या इंजेक्शनने नाकाचा वरचा भाग उंचावतो, त्यामुळे शेंडा लहान भासतो. शेंडा खरोखर लहान होत नाही आणि परिणामही काही महिन्यांनी ओसरतो. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नाकाची कातडी काळी पडून मरू शकते आणि दृष्टीही जाऊ शकते. पार्लरमध्ये हे इंजेक्शन कधीच घ्यायचं नाही. नाकाला लावायच्या चिमट्यांनी तर काहीच होत नाही, पैसे तेवढे जातात.

कोणी करावं, कधी करावं? मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत होते. तरी स्वतःच्या सहीने निर्णय घेता यावा म्हणून अठरा पूर्ण होऊ द्यावीत. डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा नाकाच्या या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेले कान-नाक-घसा तज्ज्ञ असावेत आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेत त्यांची नोंदणी असावी. भूल, तपासण्या, तातडीची सोय असलेलं रुग्णालय असावं. मुंबईत केईएम, जेजे, सायन या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. आधी तिथे दाखवून मत घेता येतं.

पैशाचंही स्पष्ट बोलू. फक्त दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला सरकारी योजना किंवा विमा सहसा पैसे देत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतर नाक दुरुस्त करायचं असेल तर गोष्ट वेगळी. पडदा वाकडा असून श्वास अडत असेल तर तेही वेगळं विचारा. गटातून कर्ज काढायचं म्हणत असाल तर शस्त्रक्रियेबरोबर भूल, तपासण्या, औषधं, मुंबईतला मुक्काम, पुन्हा दाखवायला जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी, सगळं वहीत मांडा. मग ठरवा.

शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभर नाकावर पट्टी असते. डोळ्यांखालची सूज आणि काळेनिळेपणा दोनेक आठवड्यांत उतरतो. शेंड्याची सूज मात्र सर्वांत शेवटी जाते, वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त. म्हणून "दोन महिन्यांनी लग्न आहे, तेवढ्यात उरकून घेऊ" हा बेत मुळातच चुकीचा. काही आठवडे डोक्यावर भारा किंवा हंडा नको, वाकून लावणी नको, चुलीचा धूर नको. भातकापणी उरकल्यावरचा काळ बरा. नथ डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि मिश्री? ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. डॉक्टरांपासून मिश्री लपवू नका.

डॉक्टरांना हे जरूर विचारा. माझ्या नाकात नेमकं कारण कोणतं? किती फरक पडेल? कूर्चा किती काढणार? श्वासावर परिणाम होईल का? मनासारखं झालं नाही तर पुढे काय, आणि खर्च कुणाचा? दुसरी शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुधा वर्षभर थांबूनच करतात. "शंभर टक्के खात्री" देणाऱ्याकडून उठून यावं.

एक फरक ध्यानात ठेवा. जन्मापासून रुंद असलेलं नाक हा आजार नाही. पण नाक अलीकडे बदलू लागलं, बसू लागलं, लाल गाठाळ झालं, वारंवार रक्त येऊ लागलं, तर ते दिसण्याचं काम नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. हे कुणाला हवं आहे? मुलीला स्वतःला, समजून उमजून, थोडाच फरक हवा असेल तर तिला नावं ठेवू नका, तिच्यासोबत जा. पण पाहुण्यांना हवं असेल, सासरच्यांची अट असेल, तर सुरी नाकाला लावण्याआधी त्या घराचा विचार करा. आज नाकावर बोट ठेवणारे उद्या रंगावर ठेवतील. आणि एखादी मुलगी दिवसभर आरशासमोर बसते, बाहेर जाणं टाळते, जेवत नाही, तर तिला आधी मनाच्या डॉक्टरांची गरज आहे. टेली मानस या सरकारी सेवेचा फोन नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत हा विषय चपला घालताना नको, सतरंजीवर बसून काढा. मुलींनाही बसवा. आणि नकटीची ती म्हण आपल्या गटापुरती तरी बंद करून टाकू.