वीस वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस, धाराशिवचं ऊन आणि आपल्याच उसाचं पेट्रोल

आजचा एपिसोड गाडीवर आहे. नवीन लाँच, सनरूफ, किती एअरबॅग वगैरे ऐकायला आला असाल तर आज काही मिळणार नाही. आज माझ्या जुन्या गाडीबद्दल बोलायचंय. मागच्या दोन-तीन महिन्यांत किमान वीस जणांनी मेसेज करून एकच विचारलंय: "भाऊ, जुनी फास्ट सेडान घ्यावी का? आणि घेतली तर आधी काय मॉडिफाय करू?"

माझ्याकडे डिसेंबर २००५ ला पासिंग झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कोडाने २००१ मध्ये भारतात पहिली गाडी आणली ती ऑक्टाव्हिया, आणि ती जोडली जायची आपल्या मराठवाड्यातच, संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत. २००४ मध्ये तिचं आरएस व्हर्जन आलं. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २१० न्यूटन मीटर. युरोपातल्या आरएसला १८० पीएस होते, आपल्याकडे १५० आले. पण तेव्हाच्या रस्त्यावर १५० म्हणजे लई झाले. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे चार सिलिंडरला वीस. दिसायला सेडान, पण मागची काच डिकीबरोबरच उघडते, त्यामुळे खताची पोती सुद्धा आरामात बसतात. (बसवली आहेत. आण्णांनी.)

२०२१ मध्ये ही गाडी एक लाख नव्वद हजाराला घेतली. आत्तापर्यंत तिच्यावर साधारण तेवढाच खर्च आणखी झालाय. गाव आमचं ढोकीकडे, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आठवड्यातले काही दिवस घरून काम. म्हणजे गाडी कधी रोज चालते, कधी दहा दिवस शेडमध्ये उभी. जुन्या गाडीला चालण्यापेक्षा हे उभं राहणंच जास्त बाधतं.

आता मॉडिफिकेशनकडे येऊ. लोक सगळ्यात आधी विचारतात रिमॅपबद्दल. या इंजिनाचा कॉम्प्युटर बॉशचा एमई७.५ आहे, जगभर लोकांनी तो उघडून बघितलाय, आणि १५० चे १८० करणं अवघड नाही. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे मला तर हात लावायची खाज सुटणारच. तरी अजून केलेलं नाही. वीस वर्षांच्या इंजिनात टर्बोचं प्रेशर वाढवलं की सगळ्यात कमजोर रबराची नळी आधी फुटते. आणि ती कुठं फुटेल? येडशीच्या घाटात, रात्री, मागे उसाची ट्रॉली असताना.

म्हणून मी पहिले सहा महिने पाना हातात धरण्याआधी फक्त डेटा गोळा केला. जुन्या केबलने लॅपटॉप गाडीला जोडायचा, लॉग सीएसव्हीमध्ये घ्यायचा, घरी आल्यावर ग्राफ काढायचा. या गाडीत आकडे 'मेझरिंग ब्लॉक'मध्ये दिसतात. ब्लॉक ३२ म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय. ब्लॉक १५ म्हणजे कुठला सिलिंडर मिसफायर करतोय. ब्लॉक २० म्हणजे इंजिन ठोकायला लागू नये म्हणून टायमिंग किती अंश मागे घेतलंय. ब्लॉक ११५ म्हणजे टर्बोला मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर. ज्यांच्याकडे जुनी फोक्सवॅगन, ऑडी किंवा स्कोडाची १.८ टर्बो आहे त्यांनी हे चार नंबर लिहून ठेवा.

आमच्या गॅरेजवाल्या मामांना हे आधी पटलं नव्हतं. म्हणाले, "इंजिनिअर, गाडी कानानं कळती, कॉम्प्युटरनं न्हाई." मग एकदा आयडलला गाडी थरथरत होती. मी सांगितलं, "मामा, आयडललाच पेट्रोल जास्त मागतीय, रस्त्यावर नाही. म्हणजे कुठून तरी हवा आत ओढतीय." मामांनी इनटेकखालच्या नळ्यांवरून नुसता हात फिरवला आणि दोन मिनिटांत चिरलेली नळी काढून दिली. मी लॉग बघून एवढंच सांगू शकलो असतो की हवा आत येतेय. कुठून येतेय ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. तेव्हापासून ते मला विचारतात, "आज तुझा ग्राफ काय म्हणतोय?"

आता आपल्या जिल्ह्याचा विषय, ऊन. मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर असतो हे तुम्हाला सांगायला नको. टर्बो पेट्रोल इंजिन आधीच गरम, वरून हे ऊन. आणि आपल्याकडे एक सवय आहे, रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की बोअरचं पाणी ओतायचं. बोअरच्या पाण्यातले क्षार किटलीत बसतात तसे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. माझ्या गाडीचं आधीचं कूलंट काढलं तेव्हा चहासारखं तांबडं निघालं. गुलाबी आणि हिरवं कूलंट एकत्र झालं की असा चिकट गाळ होतो. पूर्ण फ्लश केलं, थर्मोस्टॅट बदलला, इंजिनाच्या मागचा कूलंटचा प्लॅस्टिक जोड बदलला, आणि आता फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि एकच गुलाबी कूलंट. खर्च टायरच्या एका जोडीपेक्षा कमी.

त्याच वेळी टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलले. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वीस व्हॉल्व्ह. हेडचं काम निघालं की गाडीच्या किमतीएवढं बिल. "फक्त नव्वद हजार किलोमीटर झालीत" असं म्हणून कुणी गाडी दाखवली तर बेल्ट कोणत्या साली बदलला ते विचारा. रबर किलोमीटरबरोबर वर्षंही मोजतं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यामुळे हा एपिसोड करावासा वाटला. पेट्रोल.

२००३ मध्ये देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये १० टक्के झालं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं, आणि आज पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं ते ई२० आहे. माझी गाडी बनली तेव्हा हा विचारच कुणी केला नव्हता. आणि गंमत बघा, हे इथेनॉल येतं कुठून? आता जास्त वाटा मका आणि तांदळासारख्या धान्याचा आहे, पण उसापासूनही बरंच होतं. आमचा चार एकर ऊस आहे. तो कारखान्याला जातो. माझी बीटेकची फी त्याच बिलातून भरली गेली.

घरी विषय निघाला तेव्हा आण्णा म्हणाले, "गाडी आपल्याच उसावर चालती, मग बिघडती कशी?" यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून लॉगकडे गेलो.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं तर हिशोबाने ६-७ टक्के ऊर्जा कमी. माझ्या गाडीचा हायवेचा ॲव्हरेज, त्याच सोलापूर रोडवर, ११.८ वरून ११ वर आला. हिशोब जुळला. ब्लॉक ३२ मध्ये आधी २ टक्के जास्त पेट्रोल जात होतं, आता ८-९ टक्के जातं. म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच जुळवून घेतलंय, वॉर्निंग लाइट नाही, काही नाही. आणि एक गोष्ट चांगली झाली. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. पूर्वी साधं पेट्रोल ९१ होतं, ई२० साठी ९५ ठरलंय. मागच्या काही उन्हाळ्यात दुपारी घाट चढताना ब्लॉक २० मध्ये टायमिंग ५-६ अंश मागे जायचं, यंदा मे मध्ये २-३ च्या पुढे गेलं नाही. टर्बोवाल्यांनो, हे आपल्या फायद्याचं आहे. व्हॉट्सॲपवर "ई२० ने इंजिन संपलं" असे व्हिडिओ फिरतात, त्यात हा भाग कुणी सांगत नाही.

पण रबराचं काय? इथेनॉल जुन्या प्रकारचं रबर फुगवतं, मऊ करतं, मग ते चिरतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिली की त्रास तिथून सुरू. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. साध्या पेट्रोलचा पर्याय ठेवा म्हणून याचिका झाली होती, ती सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे पंपावर पर्याय येणार नाही, गाडीच बदलून घ्यावी लागणार.

मी काय केलं? इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या काढून आतून एफकेएम रबराचं अस्तर असलेल्या नळ्या टाकल्या. दुकानात मागताना 'एसएई जे३०आर९' हा मार्क नळीवर छापलाय का ते बघून घ्या. धाराशिवला मिळाली नाही, सोलापूरला एका दुकानात मिळाली. इंजेक्टरचे ओ-रिंग बदलले, पेट्रोल फिल्टर दरवर्षी बदलतो, गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो आणि आठवड्यातून एकदा तुळजापूरपर्यंत चक्कर. देवीचं दर्शन पण होतं. हे काम गाडी थंड असताना, बॅटरीची तार काढून, पेट्रोलचं प्रेशर सोडूनच करायचं. मोबाईलचा टॉर्च चालेल, पण शेजारी उभं राहून सिगरेट ओढणारा मित्र नको.

आण्णांना मग सांगितलं की ऊस इंजिनाला चालतो, नळ्यांना चालत नाही, आणि आता नळ्या बदलल्या. ते म्हणाले, "मंग कारखान्यानं नळीचे पैसे द्यावेत की." बरोबरच आहे त्यांचं.

बाकीचं कस्टमायझेशन पटकन सांगतो. पुण्यात लोक अशी गाडी खाली बसवतात, छोट्या स्प्रिंग टाकून. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या वेशीला तीन-तीन स्पीडब्रेकर, त्यातला एक रात्रीत उगवलेला. या इंजिनाचा ऑइलचा संप ॲल्युमिनियमचा आहे आणि तोच सगळ्यात खाली लटकतो. फुटला की ऑइल रस्त्यावर, आणि पुढं चालवली तर इंजिन बाद. म्हणून माझा सगळ्यात आवडता मॉड म्हणजे खाली लावलेली जाड लोखंडी प्लेट. दिसत कुणालाच नाही. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश केल्या आणि रिले टाकून वायरिंग नवीन केलं, बल्ब कंपनीच्याच वॅटचे. गाळप हंगामात हायवेवर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली लाइटमध्ये पन्नास मीटर आधी दिसली तर वीस एचपीपेक्षा ते मोलाचं आहे. टायर कंपनीच्याच मापाचे, आणि घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचून. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा.

सायलेन्सर? नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. शिवाय आमच्या गल्लीत सगळे नातेवाईकच राहतात.

आता पैशाचं आणि मुदतीचं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून कारसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी १०,००० केली. माझ्या गाडीची वीस वर्षं डिसेंबर २०२५ ची, म्हणजे मी बरोब्बर त्यात सापडलो. वर पर्यावरण कर वेगळा. घरी चर्चा झाली, विकून टाक, त्यात थोडे घालून नवीन हॅचबॅक घे. मी एका शीटवर दोन्हीचा पाच वर्षांचा खर्च मांडला. नवीन गाडीचा हप्ता धरला तर जुनी अजून बरीच स्वस्त पडते, पण माझे शनिवार-रविवार त्यात मोजले तर नाही. आईने ती शीट बघून विचारलं, "शनिवारी तू दुसरं काय करतोस?" विषय तिथेच संपला. गाडी राहतेय.

पासिंगसाठी ब्रेक, हॉर्न, सगळे लाइट, पीयूसी आणि इन्शुरन्स तयार आहे. रिव्हर्स लाइट लागत नाही, त्याचा स्विच मुंबईहून कुर्ल्याच्या बाजारातून मागवलाय, कुरिअर सोलापूरपर्यंत पोचलंय. ज्यांच्याकडे अशीच जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी ई२० च्या आधीचा आणि नंतरचा ॲव्हरेज पाठवा, गाडीचं साल आणि रस्ता लिहून. पुरेसे आकडे आले तर एक एपिसोड त्याच्यावरच करू. चला, भेटू पुढच्या वेळी.