हुकूम आणि परतीची वाट



वसंत ऋतू इतरत्र फुलांचा असेल. आपल्या खानदेशात तो उन्हाचा असतो. भिंती अजून तापलेल्या असताना आपण इतक्या संख्येने येथे जमलात, यावरून आपल्या सहनशक्तीची आम्हांस खात्री पटली आहे. आजचा विषय पाहता तिची गरजही पडणार आहे. संगणकांच्या जाळ्यातील एका यंत्राला लेखी हुकूम देऊन त्याचा कारभार कसा चालवावा, हा तो विषय. याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी मनात म्हणत असेल, तर प्रश्न रास्त आहे. परंतु सातबाराचा उतारा, बँकेतील शिल्लक, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि गाडीचे आरक्षण, ही सारी कामे आता एका लहानशा पेटीतून ये-जा करतात. ती पेटी रुसली की खिडकीपलीकडचा कारकून एवढेच म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे." पुष्कळदा सर्व्हर सुखरूप असतो, बिघडलेली असते ती वाटेतली पेटी. तिला राउटर म्हणतात.

राउटर म्हणजे काय, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण आपल्या शेजारी भुसावळ जंक्शन आहे. मुंबईकडून आलेली गाडी तेथे पोहोचली की तिने नागपूरच्या रुळावर जावे की खंडव्याच्या, हे ठरावे लागते. सांधा बरोबर लागला तर प्रवासी झोपेतच मुक्कामाला पोहोचतो. राउटर हा तसाच सांधेवाला. आपला मजकूर लहान लहान तुकडे होऊन तारेतून जातो आणि प्रत्येक तुकड्यावर मुक्कामाचा पत्ता असतो. राउटर तो पत्ता वाचतो, आपल्याजवळचे वाटांचे पत्रक पाहतो आणि तुकडा योग्य तारेवर सोडतो. हे काम तो एका सेकंदात हजारो वेळा करतो.

आता या सांधेवाल्याला हुकूम द्यायचा कसा? पडद्यावर चित्रे नसतात, बटणे नसतात. यंत्राचे नाव उमटते, त्यापुढे एक खूण लुकलुकत राहते, आणि यंत्र आपल्या शब्दाची वाट पाहते. त्याच्या घरात ओसरी आणि माजघर असे दोन भाग असतात. ओसरीवर आलेल्याला फक्त पाहता येते. माजघरात जाण्यास दुसरा पासवर्ड लागतो, आणि तेथे गेलेल्याला सारे बदलता येते. 'शो' म्हटले की यंत्र दाखवते: कोणती तार चालू, कोणती बंद, कोणाकडे किती रहदारी. 'कॉन्फिगर' म्हटले की ते बदल ऐकावयास बसते. १९८४ साली लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने अमेरिकेत सिस्को कंपनी काढली. तिच्या यंत्रांची ही बोली इतकी पसरली की इतर अनेकांची यंत्रेही तिच्याशी मिळतेजुळते शब्द ऐकतात.

चित्रांच्या आणि बटणांच्या काळात हा टंकलेखनाचा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. शब्द लिहून ठेवता येतो, हे त्याचे उत्तर. काल दिलेला हुकूम आज ताडून पाहता येतो. एका यंत्राला दिलेला शंभरांना जसाच्या तसा देता येतो. आणि लाइन कितीही मंद असली तरी चार अक्षरे पलीकडे पोहोचतात. आपली जुनी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. थोडक्या शब्दांत नेमके सांगण्याची तिची शिस्त मात्र या कामात अजून जिवंत आहे.

पण या शिस्तीला एक धार आहे. यंत्र आपला शब्द ऐकते, हेतू ऐकत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. कळले मात्र एका रात्री.

आम्ही त्या वेळी एका संस्थेची यंत्रे सांभाळत होतो. कचेरी जळगावात, शाखा धुळ्यात. जळगावचा एक संगणक रोगट होऊन धुळ्याकडे सारखा कचरा पाठवू लागला. आम्ही जळगावात बसूनच धुळ्याच्या राउटरवर गेलो आणि नाक्यावरच्या शिपायाला द्यावी तशी एक यादी लिहिली. यादीत ओळ एकच: या संगणकाला आत सोडू नये. यादी जळगावकडून येणाऱ्या वाटेवर लावली आणि एंटरची कळ दाबली. लुकलुकणारी खूण जागच्या जागी थिजली.

झाले होते ते असे. अशा प्रत्येक यादीच्या शेवटी एक ओळ न लिहिताच असते: बाकी सर्वांना मज्जाव. एकाला अडवायचे असेल, तर 'इतरांना येऊ द्यावे' असे आपण स्वतः लिहावे लागते. ते आम्ही लिहिले नव्हते. यंत्राने बिनतक्रार हुकूम पाळला आणि जळगावकडून येणाऱ्या सर्वांना अडवले. त्या सर्वांत आम्हीही होतो. चूक दुरुस्त करण्याची वाट चुकीनेच बंद केली होती.

दुसरा दिवस शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. साक्री-शिरपूरकडची मुले सकाळच्या गाडीने धुळ्यास येऊन रांगेत उभी राहणार होती. एका विसरलेल्या ओळीसाठी कोणाचे वर्ष बुडावे, हा विचार सहन होईना. मिळाली ती एस.टी. पकडली आणि एरंडोल, पारोळा करीत मध्यरात्रीनंतर धुळे गाठले. पहारेकरी दचकून म्हणाला, "इतली रातले कसाले उनात भाऊ?" त्याला काय सांगावे? आम्ही राउटरची वीज काढली, दहा आकडे मोजले आणि पुन्हा दिली. थोड्या वेळात हिरवे दिवे लागले आणि वाट मोकळी झाली.

हा चमत्कार नव्हे. राउटरला दोन स्मरणे असतात. एक फळ्यासारखे, दुसरे वहीसारखे. आपण दिलेला हुकूम आधी फळ्यावर लिहिला जातो आणि तत्क्षणी अमलात येतो; वहीत उतरवण्यास वेगळा हुकूम द्यावा लागतो. वीज गेली की फळा पुसला जातो आणि यंत्र वही उघडून कामाला लागते. आमची चूक फळ्यावर होती, वहीत गेली नव्हती, म्हणून आम्ही वाचलो. सकाळी रांग हलली. मुलांना काहीच कळले नाही, आणि कळू नये हेच बरे होते.

आपण म्हणाल, ही नवशिक्याची फजिती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले, ते आपल्याला आठवत असेल. देखभालीच्या नेहमीच्या कामात, जाळ्याची क्षमता तपासण्याच्या हेतूने, कोणी एक हुकूम दिला आणि त्याने त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या साऱ्या तारा एकदम खाली आणल्या. असले हुकूम अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासनिसातच दोष होता. दुरून दुरुस्ती करण्याची वाटही त्याच जाळ्यातून जात असल्याने इंजिनियरांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. आम्ही एस.टी.ने गेलो, ते मोटारीने गेले असतील. फरक असला तर तेवढाच.

तेव्हा या कामाचे व्याकरण आम्ही चार वाक्यांत सांगतो. आधी पाहावे, मग बोलावे. बदलापूर्वीच्या मांडणीची नक्कल दुसरीकडे ठेवावी. बदल नीट चालतो हे पाहिल्यावरच तो वहीत उतरवावा. आणि दूरच्या यंत्राला हात लावताना परतीची वाट आधी बांधावी. यासाठी सोपी युक्ती आहे: काम सुरू करण्यापूर्वी यंत्राला सांगून ठेवावे, 'दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो.' सारे ठीक झाले तर हा हुकूम मागे घ्यावा; आपण बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी यंत्र स्वतःच वही उघडते. त्या रात्री हा एक हुकूम आधी दिला असता, तर पहारेकऱ्याची झोप मोडली नसती.

हा झाला हुकूम देणाऱ्याचा धर्म. पण परक्याने हुकूम दिला तर? पूर्वी टेलनेट नावाच्या पद्धतीने दूरच्या यंत्रावर जात. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जाई. फिनलंडमधील एका विद्यापीठात पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू यलोनेन यांनी १९९५ साली एस.एस.एच. ही पद्धत रचली. ती म्हणजे मोहोरबंद लिफाफा. तरीही २०१६ साली मिराई नावाच्या घातकी प्रणालीने जगभरचे कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. तिच्याजवळ जादू नव्हती. कारखान्यातून आलेल्या, कोणी कधी न बदललेल्या साठ-बासष्ट पासवर्डांची एक यादी होती. कुलूप लावलेले होते. किल्ली कुलपालाच टांगलेली होती.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी पतपेढीचे संचालक असाल, कोणी शाळेच्या मंडळावर, कोणी ग्रामपंचायतीत. घरी गेल्यावर, निदान उद्या कचेरीत, तीन प्रश्न विचारा. आपल्या पेटीचा पासवर्ड कोणापाशी आहे, आणि तो माणूस सोडून गेला तर कोणापाशी असेल? तिच्या मांडणीची नक्कल कोठे ठेवली आहे? कारखान्याचा पासवर्ड बदलला आहे काय? उत्तर न आले तर रागावू नका. आपल्याच गावच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे शिकवून तयार करा. ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून निघालेली विप्रो पुढे संगणकाच्या धंद्यात शिरली, हे आपण जाणताच.

हुकूम देण्याचा अधिकार मिळाला की माणसाला वाटते, आता ऐकणाराने सांभाळावे. यंत्र सांभाळत नाही. ते फक्त पाळते. सांभाळणे हुकूम देणाऱ्याकडेच राहते. म्हणून कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि रांगेत उभी असलेली ती मुले आठवावीत.