ना वनस्पती, ना प्राणी

डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की आम्ही शाळेत शिकलेली विभागणी डळमळू लागते. यूग्लीना उजेडात हरितद्रव्याच्या बळावर स्वतःचे अन्न करते, अंधारात आयत्यावर निभावते. तिला वनस्पती म्हणावे की प्राणी? अशांसाठी हेकेल यांनी १८६६ साली ‘प्रोटिस्टा’ हे निराळे घर बांधले. कोशिकेत स्पष्ट केंद्रक, आणि बहुधा देह एकाच कोशिकेचा, एवढेच या घरातले साम्य. शैवलसदृश, प्राणिसदृश व कवकसदृश हे तीन गट अजून शिकवतात. पण ते सोयीचे, रक्ताच्या नात्याचे नव्हेत. बटाट्यावर करपा आणणारा जीव आम्ही बुरशीच समजत होतो. तो डायाटमांचा आप्त निघाला!

हिवतापाच्या परजीवीची कथा याहून नवलाची. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना तो सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत दिसला. तो प्राणिसदृशांत गणला गेला. पुढे १९९० च्या दशकात त्याच्या देहात हरितलवकाचा अवशेष ओळखला गेला. हिरवेपण केव्हाच लोपले आहे. तरीही त्या अंगावाचून परजीवी तगत नाही, आणि डॉक्सिसायक्लिन हे औषध नेमका तेथेच घाव घालते.