आल्प्सचे कुरण आणि धानाची बांधी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त नवा रायपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुटी संपून जूनमध्ये शाळा भरते, तेव्हा वर्गावर्गांतून प्रवासाच्या गोष्टी येतात. पूर्वी त्या नागपूर, वर्धा, अमरावतीच्या आजोळाच्या असत. हल्ली काही घरांतून युरोपच्याही येतात. मुलगा किंवा सून तिकडे नोकरीला असते, आजी-आजोबा दोन महिने राहून येतात. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांत मनोरे, पूल, राजवाडे असतातच. पण बोलू लागले की मंडळी फार वेळ रमतात ती आगगाडीच्या खिडकीत. उतारावर जपून अंथरल्यासारखे कुरण, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, लाकडी घरांच्या सज्जांतली लाल फुले, आणि हे सारे तासन् तास संपतच नाही याचे नवल. वर्णन संपता संपता एक वाक्य हमखास येते : ‘आपल्याकडे असे काही नाही.’ आजचे बोलणे या एका वाक्याविषयी आहे.

प्रथम युरोपच्या खिडकीकडे पाहू. स्वित्झर्लंडच्या पूर्व भागात ऱ्हेटियन रेल्वे नावाची मीटरगेज रेल्वे आहे. तिचा अल्बुला मार्ग १९०४ मध्ये आणि बर्निना मार्ग १९१० मध्ये पुरा झाला. २००८ पासून हे दोन्ही मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. लांडवासर नदीवरचा ६५ मीटर उंचीचा वळणदार दगडी पूल ओलांडून गाडी थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते, ते चित्र बहुतेकांनी पाहिलेले असेल. याच मुलखातून झेरमाट ते सेंट मॉरिट्झ अशी ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ १९३० पासून धावते. नाव एक्सप्रेस, पण २९१ किलोमीटरला सुमारे आठ तास घेते. जगातील सर्वांत संथ एक्सप्रेस अशी तिची जाहिरातच केली जाते. वेळ वाचवण्यासाठी माणसे पैसे मोजतात हे ठाऊक होते. इथे ती वेळ लागावा म्हणून मोजतात.

त्या खिडकीतून दिसणारे कुरण मात्र निसर्गाने आपोआप अंथरलेले नाही. उन्हाळ्यात गुरे वर चरायला न्यायची, खालच्या उतारांवरचे गवत कापून हिवाळ्यासाठी वाळवायचे, हे काम पिढ्यान् पिढ्या चालू आहे म्हणून ती हिरवळ आहे. कापणी आणि चराई थांबली की काही वर्षांत झुडपे येतात आणि पुढे रान माजते. स्विस जनतेने १९९६ मध्ये राज्यघटनेत शेतीविषयीचे एक कलम मंजूर केले. शेतीने अन्न पिकवावे, तसेच मशागतीखालील भूप्रदेशाचे स्वरूपही राखावे, असे त्यात म्हटले आहे. आणि त्यासाठी शेतकऱ्याला सरकारकडून थेट मोबदला मिळतो. म्हणजे पर्यटकाला फुकट दिसणाऱ्या त्या देखाव्याचे पैसे कोणीतरी भरलेले असतात.

लोझानहून माँट्रोकडे जाणारी गाडी सरोवराच्या काठाने लाव्हो या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून जाते. डोंगरउतारावर दगडी बांध रचून केलेल्या या पायऱ्यांच्या शेतीचा इतिहास अकराव्या शतकातील मठवासीयांपर्यंत मागे जातो. शहरे वाढू लागली आणि सरोवराचे दृश्य असलेल्या जागेवर बांधकाम करणाऱ्यांची नजर गेली, तेव्हा १९७७ मध्ये व्हो प्रांतातील मतदारांनी कौल देऊन हा प्रदेश राखण्याचे ठरवले. युनेस्कोची मोहोर २००७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी उमटली. आधी प्रांतातल्या मतदारांना त्याची किंमत कळली, जगाला मागाहून.

युरोपातही आगगाडी प्रारंभी सर्वांना आवडली होती असे नाही. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात रेल्वे येणार म्हटल्यावर १८४४ मध्ये कवी वर्ड्‌स्वर्थ यांनी विरोध केला होता. रस्किन यांची तक्रार तर अशी होती की आगगाडी प्रवाशाचे पार्सल करून टाकते. ही तक्रार आज रायपूर–नागपूर वातानुकूलित डब्यात बसल्यावर खरी वाटते. पडदा ओढलेला, काच मळकट, प्रत्येक हातात भ्रमणध्वनी. आणि पार्सल वेळेवर पोहोचते.

याच वाटेचा एक जुना प्रवास रायपूरकरांच्या परिचयाचा आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त कुटुंबासह रायपूरला आला. तेव्हा इकडे रेल्वे नव्हती. शेवटचा मोठा टप्पा अरण्यातून बैलगाडीने झाला. वाटेत दोन पहाडांमधल्या कपारीत लोंबणारे एक अवाढव्य मोहोळ पाहून तो मुलगा विस्मयाने भान हरपून गेला, असे पुढे स्वामी विवेकानंदांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्या वाटेच्या खुणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते असोत, मुद्दा एवढाच की रायपूरच्या वाटेवर पाहण्यासारखे काही नव्हते, असे त्या मुलाने म्हटले नाही. पुढे १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज आली, मग बंगाल-नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज करून पूर्वेकडे नेली, आणि कित्येक दिवसांचा रस्ता तासांवर आला.

त्या तासांत काय दिसते? भंडारा रोड मागे पडले की वैनगंगेच्या खोऱ्यातले धान सुरू होते. काळ्या रानातला कापूस, तूर दिसेनासे होते आणि लहान लहान चौकोन लागतात. भंडारा-गोंदियाकडे त्या चौकोनाला बांधी म्हणतात, त्याच्या कडेला धुरा. मधूनच पाणी चमकते. तो एखादा मामा तलाव. हा कोणाचा मामा नव्हे, माजी मालगुजारी तलावाचे ते लघुरूप आहे, आणि या तलावांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. आमगाव, सालेकसा ओलांडले की डोंगर जवळ येतात, दरेकसाच्या रानात गाडी बोगद्यातून जाते आणि महाराष्ट्र संपतो. मग डोंगरगडची टेकडी आणि माथ्यावरचे बम्लेश्वरीचे देऊळ. त्यापुढे जमीन सपाट होते, आणि प्रवासी खिडकीवरून नजर काढून घेतो, कारण ‘आता काय, रायपूरपर्यंत नुसती शेतेच.’

ही नुसती शेते वाचता येतात. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने जमिनीची चार नावे ठेवली आहेत. उंचवट्यावरची लाल, मुरमाड, पाणी न धरणारी ती भाठा. तिच्याखाली पिवळसर मटासी, मग मधली डोरसा, आणि सखल भागातली काळी, ओल धरून ठेवणारी कन्हार. गाडीतून पाहताना लालसर उजाड पट्टा दिसला की तेथे जमीन उंच आहे, आणि काळपट दिसू लागली की पाणी तिकडे वळते आहे, हे ओळखता येते. सपाट वाटणाऱ्या मुलखाला चढउतार आहेत आणि ते रंगांत लिहिलेले आहेत. जुलैअखेर उभ्या धानात नांगर चालताना दिसला तर पीक मोडत आहेत असे समजू नये, ती बियासी. फेकून पेरलेल्या धानाची दाटी विरळ करण्याची आणि तण दाबण्याची ही इथली जुनी रीत आहे. गावागावाला तलाव, छत्तीसगढीत तो तरिया. जुन्या गावांचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते असे म्हणतात. कोरी म्हणजे मराठीतली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६. मराठी घरातल्या मुलाने हे गणित बोटांवर करून पाहावे. शब्द परका लागणार नाही.

खरी अडचण येथेच आहे. रायपुरात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या मराठीत सह्याद्री आहे, कोकण आहे, माड-पोफळी आहेत, इंद्रायणीचा काठ आहे. पाठ्यपुस्तकांनी आणि कवितांनी दिलेली ही श्रीमंती मोठी आहे, तीत काही उणे नाही. त्याच्या डोळ्यांत, चित्रपटांच्या कृपेने, आल्प्सही आहे. जो मुलूख खिडकीबाहेर प्रत्यक्ष दिसतो, त्याला मात्र त्याच्याजवळ ‘शेत’ आणि ‘झाड’ हे दोनच शब्द असतात. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले, तेव्हापासून मोजले तर मराठी भाषा या प्रदेशात अडीचशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. एवढ्या मुक्कामात भाषेने खिडकीबाहेर पाहायला नको काय?

आणि शब्द नाहीत असेही नाही. झाडीबोलीत ते पडून आहेत. भंडाऱ्याकडे ज्याला पऱ्हे म्हणतात त्याला इथे थरहा, तिकडची तणीस म्हणजे इथला पैरा, खळे म्हणजे बियारा, पळस म्हणजे परसा. धानाच्या दोन मुलखांत दोन भाषा शेजारी उभ्या आहेत आणि वस्तू एकच आहेत. मुलाला हे जोडशब्द मिळाले तर त्याची मराठी पातळ होईल, अशी भीती काही पालकांना वाटते. तिला आधार नाही. वस्तूचे दुसरे नाव कळल्याने पहिले विसरल्याचे उदाहरण घरोघरी शोधूनही सापडणार नाही.

आता नवा रायपूरविषयी. या परिसरात एक स्वतःची संथ गाडी होती. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली रायपूर ते धमतरी ही अडीच फुटी नॅरोगेज सुरू केली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजीमला, महानदीच्या संगमाकडे जाई. लोक तिला छोटी लाईन म्हणत. ऱ्हेटियन रेल्वेच्या अल्बुला मार्गाहून ती काही वर्षांनी वडीलच, आणि रुंदीनेही तिच्याहून लहान. तिच्यातून धान, लाकूड आणि माणसे गेली. राजीमच्या माघी पौर्णिमेच्या जत्रेला जाणारे गेले. शहरातल्या तिच्या जागेवर आता द्रुतगती मार्ग आहे. तिची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ आहेत, पण धमतरीच्या रुग्णाला आणि रायपूरला शिकायला येणाऱ्या मुलीला वेगाची गरज होती, हेही मान्य केले पाहिजे. स्विस लोकांनी आपली छोटी गाडी राखली ती देखाव्यापुरती नव्हे. आजही तिथली मुले तिनेच शाळेत जातात.

३० मार्च २०२५ रोजी रायपूरहून मंदिर हसौद, नवा रायपूर आणि केंद्रीमार्गे अभनपूरपर्यंत मेमू गाडी सुरू झाली. तिला पडदे नाहीत. नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यांपलीकडे तिच्या खिडकीतून अजून मेढा, तलाव, परसा दिसतो. तो किती वर्षे दिसेल हे नगररचनेचे नकाशे ठरवतील, आणि त्या नकाशांवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा त्या पाठवण्याचा अधिकार या सभागृहातल्या प्रत्येक प्रौढाला आहे. 

पालकांना एक छोटी सूचना. डिसेंबरअखेरच्या सुटीत नागपूरला जाल तेव्हा दिवसाची गाडी निवडावी आणि मुलाला खिडकीशी बसवावे. धान कापून गेलेल्या बांधीत, खुंटांच्या मधून, बारीक पानांचे एक हिरवे पीक उभे असते. जवळून पाहिले तर त्याला निळी फुले दिसतात. धान उभे असतानाच, जमिनीतली शेवटची ओल साधून, ते त्यात पेरलेले असते. छत्तीसगढीत या पद्धतीला उतेरा म्हणतात आणि त्या पिकाला तिवरा. दरेकसाच्या अलीकडे आणि पलीकडे ते सारखेच दिसते. मराठीतही त्याला नाव आहे. घरातली आजी भंडारा-गोंदियाकडची असेल तर तिला ते ठाऊक असते, आणि लहानपणी त्याची भाजी खुडायला आपण कोणत्या धुऱ्यावरून जात होतो हेही. मुलाने तिलाच विचारावे.