शिंपल्याचं आयतं भोक



शाळेमागच्या पुळणीवरच्या शिंपल्यांच्या माळा आपण सगळ्यांनीच केल्या आहेत. आयतं गोल भोक असलेला शिंपला मिळाला की काय आनंद! ते भोक कोण पाडतं, हे मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना कळलं. गुळगुळीत, गोलसर शंखाची एक समुद्री गोगलगाय वाळूखाली शिंपल्याला गाठते, पायाने घट्ट धरते. आम्लाने कवच मऊ करायचं, जिभेवरच्या बारीक दातांनी खरवडायचं, पुन्हा आम्ल. असे कित्येक तास. मग भोकातून सोंड घालून ती आतला जीव खाते. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं असतं. कुणाकडे जुनी माळ असेल तर जरूर बघा.

खाणारी आणि खाल्ला जाणारा, दोघांचीही घरं चुन्याचीच, आपापल्या अंगातून पाझरवलेली. शिंपल्यावरच्या रेघा म्हणजे काठाकाठाने वाढत गेलेलं बांधकाम.

आता नात माळ मागते. तिला मी भोकाचे शिंपले वेचू देतो. शंख मात्र, रिकामा असला तरी, तिथेच ठेवायला लावतो. त्यात मऊ पोटाचा खेकडा राहायला येतो. त्याला स्वतःचा शंख करता येत नाही.